रविवारचा रकाना

मनीषा,

फ्रिजवरचा तुझा कागद मी अजून काढलेला नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर आखलेले सात रकाने, प्रत्येक रकान्यात त्या दिवशीचं रात्रीचं जेवण, आणि तुझं ते उजवीकडं कललेलं अक्षर. सोमवारची भेंडी आणि मुगाची डाळ तू केलीस, आम्ही जेवलो. मंगळवारचं दोडकं तू चिरून ठेवलंस आणि डोकं धरून खाली बसलीस. त्या दोडक्याचं पुढं काय झालं ते घरात कोणालाच आठवत नाही. बुधवारपासूनचे रकाने नुसते लिहिलेलेच राहिले. त्यातला शेवटचा, रविवारचा, माझ्यासाठी लिहिलेला होता. तो मी रोज वाचते आणि रोज तिथून नजर काढून घेते.

परवा तुझी तेरवी झाली. आलेल्या बायका म्हणाल्या, सून नव्हती तुमची, लेकच होती. मी मान हलवली, अशा वेळी दुसरं काय करणार? पण खरं तर तू माझी लेक नव्हतीस. लेकीशी मी इतकी भांडले नसते. अकरा वर्षं आपण दोघी एका स्वयंपाकघरात राहिलो आणि लेकरांच्या ताटावरून भांडलो. ते भांडण अर्धं टाकून तू उठून गेलीस. मला असं अर्धं टाकलेलं काहीच चालत नाही, हे तुला ठाऊक होतं.

आपलं घर भाजीवाल्याचं. लोकांना वाटतं, यांच्याकडं काय, रोज ताजी भाजी. लग्न होऊन आलीस तेव्हा तुलाही तसंच वाटलं असेल. महिनाभरात तुला कळलं की चांगली भाजी टोपल्यात भरून मंगरूळच्या बाजारात जाते आणि वाकडी, किडकी, जून झालेली घरी येते. शिवाय जे वाफ्यात निघेल तेच रोज. वांग्याचा बहर आला की महिनाभर वांगं, दुधी, म्हणजे आपली लवकी, लागली की लवकीच लवकी. ओम तीन वर्षांचा असताना वांगं दिसलं की ताट ढकलायचा. मी बाई तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली. गावातल्या प्रत्येक आईला भिंतीवरचं चित्र दाखवून सांगायची, लेकराच्या ताटात रोज वेगळा रंग पाहिजे. आणि घरी माझा नातू दुधात बिस्कीट कुस्करून खायचा, आणि ते कुस्करून देणारी मीच होते.

तू मला त्यावरून कधी टोमणा मारला नाहीस. मारला असतास तर बरं झालं असतं, मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तू सरळ कॅलेंडरचं पान फाडलंस.

शनिवारी संध्याकाळी माझा गजानन मळ्यातून आला की तू त्याला समोर बसवायचीस. पुढच्या आठवड्यात काय निघणार, किती निघणार, सगळं विचारून घ्यायचीस. आपल्या वांग्यांच्या बदल्यात शेजारच्या शेतातून चवळीच्या शेंगा आणायच्या, कोहळं आणायचं. मंगरूळला किराणा दुकान असलेल्या नसीमभाभीला लवकी पाठवायची आणि तिच्याकडून डाळीत लवकी शिजवून दालचा कसा करायचा ते शिकून यायचं. लवकीचं नाव काढलं की रडणारी आपली धाकटी समू त्या दालच्यातली लवकी बोटांनी शोधून खायची. बुधवारची भाजी ओमने ठरवायची, शुक्रवारची समूने. रविवारी काहीतरी असं, जे घरात आजवर कोणी खाल्लेलं नाही. आणि भाजीचा पहिला तोडा घरी यायला पाहिजे, बाजारात नंतर. गजानन यावर हसला होता. मग तू भल्या सकाळी स्वतः वाफ्यात जाऊन चांगली कोवळी भेंडी पदरात बांधून आणायला लागलीस, तेव्हा त्याचं हसू थांबलं.

साडेसात वाजता सगळ्यांनी एकत्र बसायचं, टीव्ही बंद, मोबाईल फ्रिजवर. आपल्याकडं आधी पुरुषमाणसं जेवायची, मग लेकरं, मग आपण. मी म्हटलं होतं, हे शहरातले चोचले आहेत. तू ऐकून घेतलंस आणि पाच ताटं मांडलीस.

तुझा नियम एकच होता. ताटात जे असेल त्याचा एक घास प्रत्येकाने खायचा, लहानाने आणि मोठ्यानेही. मग पुढं ज्याची त्याची मर्जी. खा म्हणून मागं लागायचं नाही, रागवायचं नाही, खाल्लं म्हणून शाबासकीही द्यायची नाही. हे शेवटचं मला अजिबात पटत नव्हतं. अंगणवाडीत आम्ही टाळ्या वाजवायचो. पण कारल्याच्या वेळी मी पाहिलं. ओम प्रत्येक गुरुवारी कारल्याचा एक घास खायचा, पाणी प्यायचा, तोंड वेंगाडायचा. किती गुरुवार गेले कोण जाणे. एका गुरुवारी पाणी न पिताच म्हणाला, अजून वाढ. मी टाळी वाजवायला हात उचलला, तू मला डोळ्यांनी दटावलंस. त्याला म्हणालीस, घे वाढून, आणि मान खाली घालून भात कालवत राहिलीस. कालवून कालवून त्या भाताची पेज झाली होती. तेवढा आनंद झालेला माणूस इतका गप्प बसू शकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हाच तुला म्हणायला पाहिजे होतं की मनीषा, जे मला तीस वर्षांत जमलं नाही ते तू केलंस. मी म्हटलं, मीठ कमी आहे.

आणि मी तुझा नियम चोरून मोडत होते, तेही सांगून टाकते. समूने नवीन भाजीचा एक घास खाल्ला आणि मर्जी नाही म्हणून ताट सरकवलं, की थोड्या वेळाने मी तिला मागच्या दारी बोलवायची. पोळीवर तूप, साखर, गुंडाळी करून हातात. लेकरू उपाशी झोपेल ही कल्पनाच मला सोसत नाही. अंगणवाडीत हाडं निघालेली लेकरं या हातांनी उचलून वजनकाट्याला टांगली आहेत गं. तुला हे माहीत होतं. तिच्या फ्रॉकला लागलेलं तूप तू धुवायचीस, मला काही विचारायची नाहीस. एकदाच म्हणालीस, तेही कपडे पिळता पिळता: "आई, एक दिवस कमी जेवली तर पोरगी मरत नाई. पण तुमी मागच्या दारी देता, मंग पुढच्या दारचं ते कायले खाईन?"

मी तिथून उठून गेले.

आता त्या रविवारचं.

आपल्याकडं चहूकडं सोयाबीन. वाशीम घ्या, रिसोड घ्या, मंगरूळ घ्या, जिकडं पाहावं तिकडं सोयाबीन, आणि कोणाच्याही ताटात सोयाबीन नाही. पोतं भरून विकायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. तेल काढून उरलेली त्याची ढेप तेवढी परत येते, गोठ्यात. तू कुठं वाचलंस की ऐकलंस कोण जाणे, हिरव्या दाणे भरलेल्या शेंगा तोडून आणल्यास, मीठ घालून चांगल्या शिजवल्यास आणि पाच ताटांत वाढल्यास. पोळा तोंडावर आला होता. मी ताटात पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. का फिरलं, ते आज सांगता येत नाही. दिवसभर गुडघा दुखत होता हे एक कारण. दुसरं, तू मला न विचारता केलंस. तिसरं कारण हे, की भिंतीवरच्या चित्रातली सगळी कडधान्यं लोकांना सांगताना मला दाराबाहेरचं सोयाबीन कधी दिसलं नव्हतं आणि तुला दिसलं.

तू हळूच म्हणालीस, "आई, पोट्टे तुमच्याकडं पाहून राह्यले. एक शेंग खा, मंग ठेवून द्या."

मी म्हटलं, "हे ढोराचं खाणं हाय. आमी काय ढोरं हाओत?"

ओमने ताट सरकवलं. समूने त्याच्याकडं पाहून सरकवलं. नियम लागल्यापासून एक घासही न खाता ताट सरकवायची ती पहिली वेळ, आणि ती मी शिकवली. तू बाकीच्या चार ताटांतल्या शेंगा एका भांड्यात गोळा केल्यास. गजानन एकटा खात होता, तुझ्या बाजूने की भुकेने ते त्यालाच माहीत. नंतर तू पेन घेतलंस आणि नव्या आठवड्याच्या कागदावर रविवारच्या रकान्यात दोन अक्षरं लिहिलीस. तेच.

मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, येऊ दे रविवार, बघते. तो रविवार तुझ्याशिवाय आला. तू अकोल्याच्या दवाखान्यात होतीस आणि डॉक्टर गजाननला बाजूला घेऊन बोलत होते.

तुला स्मशानात नेऊन आलो त्या दिवशी शेजारणींनी कडू घास आणला. कडुलिंबाचा पाला, बेसन, भाकर. कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हतं. समूला मी मांडीवर घेतलं होतं. तिने बेसन-भाकरीचा एक घास खाल्ला, नीट चावून, आणि हात मागं घेतला. मला वाटलं, आज एवढं खाल्लं तेही खूप. दुसऱ्या दिवशी वरण-भाताचा एक घास. तिसऱ्या दिवशी नसीमभाभी डब्यात दालचा घेऊन आली, तुला शिकवला होता तसाच केलेला. समूने लवकीची फोड शोधली, एक घास खाल्ला, ताट सरकवलं. भाभी तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली.

मग मी माझं ठेवणीतलं काढलं. पोळी, तूप, साखर. मागच्या दारी नाही, सगळ्यांसमोर. समूने त्याचाही एकच घास खाल्ला. मनीषा, माझ्याकडं त्याच्यापुढं काही उरलेलं नव्हतं. शिरा केला, दुकानातलं बिस्कीट आणलं, जिच्यावरून मी गावातल्या आयांना बोलायची ती पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी आणली. सगळ्याचा एक एक घास. दूध घेते, तेवढ्यावर चाललंय. रडत नाही, हट्ट करत नाही, अंगणात खेळते. डॉक्टरला दाखवलं. त्यांनी औषध दिलं, म्हणाले, धक्का आहे, वेळ द्या. तेरा दिवस मीही तेच म्हणत राहिले.

पेटीत माझी दंड मोजायची पट्टी आहे, लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची, लाल आला की लेकरू धोक्यात. समूला सहावं लागलं, ती पट्टी तिच्या वयाची नाही. तरी काढली. गावातल्या किती लेकरांच्या दंडाला ती मी न घाबरता गुंडाळली. समूचा हात हातात घेतला आणि पट्टी तशीच घडी करून परत ठेवून दिली. रंग बघायचा धीर झाला नाही.

मग तेरवीच्या दिवशी, पंगत उठल्यावर, ओमने मला सांगितलं. तुला अकोल्याला न्यायला गाडी आली तेव्हा मी पिशवी भरत होते, गजानन दवाखान्याला लागणारे कागद शोधत होता. तू समूला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, मी येईपर्यंत सगळ्याचा एक एक घास खायचा, आजीले त्रास द्याचा नाई. ओम शेजारीच उभा होता. त्याला इतके दिवस वाटत होतं की आम्हाला हे माहीत आहे.

मी समूला विचारलं. ती माझ्याकडं अशी पाहत होती, जणू मी फार सोपी गोष्ट विचारतेय. म्हणाली, "मम्मी आली का दुसरा खाईन."

तिला सांगितलंय मनीषा. गजाननने सांगितलं, मी सांगितलं, मम्मी देवाघरी गेली. ती हो म्हणते. तुझ्या फोटोला फूल वाहते. पण तू तिला सांगून गेलीस आणि ती ते पाळतेय. दुसरा घास खा म्हणणं म्हणजे तिची मम्मी येणार नाही म्हणणं, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. तुझा राग येतो मला. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, मी धरते. तुला चांगलं ठाऊक होतं की ही पोरगी तुझा शब्द पडू देत नाही. दोन घास सांगायचे होतेस. पोटभर सांगायचं होतंस. लगेच वाटतं, तो एक घास तू सांगून गेली नसतीस तर तिने तेवढाही खाल्ला असता का?

गजाननचं म्हणशील तर, रोज पहिला तोडा घरी आणतो. तू ज्याच्यासाठी त्याच्याशी वाद घातलास ते आता तो आपण होऊन करतो. ओट्यावर कोवळी भेंडी, काटेरी ताजं वांगं, हिरवीगार चवळी पडून असते आणि दुसऱ्या दिवशी शेजारी वाटावी लागते.

काल रविवार होता. मी सकाळीच त्याला म्हटलं, शेंगा आण. कशाच्या ते त्याने विचारलं नाही. मी त्या मीठ घालून शिजवल्या, किती वेळ शिजवायच्या ते ठाऊक नव्हतं म्हणून दोनदा चाखायला झाकण उघडलं आणि दोनदा न चाखताच ठेवलं. पहिला घास सगळ्यांसमोर घ्यायचा होता. साडेसातला ताटं मांडली. सवयीने पाच मांडली, मग पाचवं उचललं नाही.

आधी मी खाल्ली. एक शेंग, दातांत ओढून, तीन दाणे. चव चांगली आहे गं. गोडसर, भुईमुगासारखी, पण मऊ. एवढंच होतं ते. एवढंसं तोंडात टाकायला मी नाही म्हटलं, आणि तू गेलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ओमला वाटलं तिखट आहे. त्यानेही खाल्ली. मग समूने ताटातली एक शेंग उचलली, उघडली आणि थांबली.

"आजी, याच्यात तीन दाणे हायेत. एक घास म्हंजे एक दाणा का पूर्ण शेंग?"

मी गजाननकडं पाहिलं. किती आयांना मी किती उत्तरं दिली आहेत, मनीषा, एकही कामाचं आठवेना.

"पूर्ण शेंग," मी म्हटलं.

"मम्मीनं असंच सांगतलं होतं?"

"हाओ."

खोटं बोलले. तू शेंग-दाण्याचं काही सांगितलं नव्हतंस. समूने एकेक करून तीन दाणे खाल्ले, मोजून, आणि फ्रॉकला हात पुसले. तीन दाणे गेले पोटात. मी तुझा नियम पुन्हा एकदा मोडला, या वेळी पुढच्या दाराने, आणि तू मला रागवायला नाहीस.

मला अजून एक शेंग खायची होती. एक घास झाल्यावर आपली मर्जी, आणि माझी मर्जी होती. मी ताटाकडं हात नेला आणि पाहिलं तर समू माझ्या हाताकडं बघत होती. मम्मी यायच्या आधी आजी दुसरा घास घेते का, ते बघत होती. मी हात मागं घेतला.

आज सकाळी मी नवीन पान फाडलं आणि सात रकाने आखले. माझ्या रेघा वाकड्या आल्या. सहा रकाने कोरे आहेत, काय लिहावं सुचत नाही. सातव्यात तेच लिहिलं. गजानन म्हणतो, शेंगा आता पिवळ्या पडायला लागल्यात, पंधरा दिवसांत वाळतील, मग सोयाबीन काढावंच लागेल. त्याच्यानंतर त्या रकान्यात काय लिहायचं, ते तुला विचारायचं होतं.

शिजवलेल्या शेंगा भांड्यात झाकून ठेवल्या आहेत. दुसरी शेंग मीही अजून खाल्लेली नाही.